टेनिसची मसलत

टेनिसवर जी पुस्तके आजवर लिहिली गेली त्यांतील बहुतेकांचा पूर्वार्ध रॅकेट कशी धरावी, पाय कोठे ठेवावेत, मनगट किती ढिले असावे अशा हस्तकौशल्याच्या विवेचनात खर्ची पडतो. आणि कोणत्या प्रसंगी कोणता फटका मारावा हा जो या खेळातील खरा विचार, त्याला अखेरच्या एखाद्या प्रकरणात, लग्नघरी उशिरा पोहोचलेल्या पाहुण्याप्रमाणे, मिळेल तेथे पाट मांडून बसावे लागते. नवशिक्याचा अनुभव मात्र निराळा असतो. त्याचा फोरहँड बरा असतो, बॅकहँड कामचलाऊ असतो, मार्करबरोबर, म्हणजे क्लबात सराव देणाऱ्या नोकराबरोबर, अर्धा तास चेंडू टोलविताना तो स्वतःवर खूषही असतो; आणि सामना सुरू झाला म्हणजे हेच फटके भलत्या वेळी व भलत्या दिशेने मारून तो पाऊण तासात बाकावर येऊन बसतो. पराभवाचे कारण तो आपल्या हातांत शोधत राहतो, आणि ते तेथे सापडत नाही.

हा प्रकार मी प्रथम पाहिला तो एका जिल्ह्याच्या गावी, अधिकाऱ्यांच्या क्लबात. कोर्ट मुरमाचे होते. दुपारी चारच्या सुमारास मार्कर त्यावर पाणी शिंपडून रोलर फिरवी, फक्कीने रेषा आखी आणि मग सभासदांची वाट पाहत जाळीच्या खांबाला टेकून उभा राही. त्या क्लबात पेन्शनीत निघालेले एक मामलेदार नेमाने येत. त्यांची सर्व्हिस टपालाने पाठविलेल्या पत्राप्रमाणे सावकाश पण खात्रीने पोहोचे, बॅकहँड म्हणजे चेंडूखाली रॅकेट सरकवून केलेला एक काप, आणि धावणे असे काही नव्हतेच. त्यांच्यासमोर बांधकाम खात्यातील एक तरणाबांड ओव्हरसियर उभा राही, ज्याच्या सर्व्हिसचा आवाज रस्त्यापलीकडच्या कचेरीत ऐकू जाई. एका संध्याकाळी मी गुण मोजण्याच्या निमित्ताने वहीत टिपून ठेवले की मामलेदारांनी स्वतःच्या फटक्याने निर्विवाद जिंकलेले गुण किती. सेट त्यांनी ६–२ असा जिंकला होता, आणि ते गुण एका हाताच्या बोटांवर मावत होते. बाकीचे सारे ओव्हरसियरसाहेबांनी जाळीत व रेषेबाहेर जमा केले होते.

पुढे बऱ्याच वर्षांनी सायमन रामो या अमेरिकन अभियंत्याचा सिद्धांत वाचनात आला तेव्हा ती वही आठवली. रामो हा क्षेपणास्त्रांच्या कामात नावारूपास आलेला गृहस्थ. पण सामान्य वकुबाच्या खेळाडूंसाठी त्याने टेनिसवर एक पुस्तक लिहिले आणि त्यात असे प्रतिपादन केले की टेनिस या एकाच नावाखाली दोन वेगळे खेळ खेळले जातात. निष्णातांच्या खेळात सुमारे ८० टक्के गुण जिंकले जातात. तुमच्याआमच्या खेळात सुमारे ८० टक्के गुण हरले जातात. चार्ल्स एलिस या लेखकाने १९७५ साली हेच प्रमेय उचलून शेअरबाजारातील गुंतवणुकीस लावले व तेथे ते अधिक गाजले, ही गोष्ट अलाहिदा. नवशिक्याच्या दृष्टीने या प्रमेयाचा अर्थ सरळ आहे: दूरचित्रवाणीवर ज्यांचा खेळ पाहून आपण भारावतो त्यांचे फटके उचलावेत की नाही हा पुढचा प्रश्न, पण त्यांची फटक्यांची निवड तूर्त मुळीच उचलू नये, कारण ती दुसऱ्याच खेळातली आहे.

आक्रमण श्रेष्ठ की बचाव, हा वाद या खेळाच्या जन्माइतकाच जुना आहे. १८७७ साली विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली तेव्हा जाळी खांबांपाशी ५ फूट उंच आणि मध्यभागी अवघी ३ फूट ३ इंच असे. कडेने चेंडू काढणे अर्थातच दुष्कर, म्हणून सारी वाहतूक मधल्या खिंडीतून चाले. आणि स्पेन्सर गोर हा रॅकेट्स नावाच्या खेळात तरबेज असलेला मनुष्य ही गोष्ट हेरून त्या खिंडीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला, येईल तो चेंडू टप्पा पडण्यापूर्वीच परतवू लागला आणि पहिला विजेता ठरला. दुसऱ्या वर्षी सिलोनातील कॉफीच्या मळ्यावरून रजेवर आलेला फ्रँक हॅडो हा त्याच्यासमोर उभा ठाकला. गोर जाळीपाशी येताच हॅडोने चेंडू त्याच्या डोक्यावरून मागे टाकावा, गोरने धावत मागे जावे, आणि पुन्हा पुढे येताच पुन्हा तेच व्हावे. हॅडोने अजिंक्यपद घेतले, तो सिलोनला परत गेला आणि ते राखण्यासाठी पुन्हा म्हणून आला नाही. लॉब या फटक्याचा विम्बल्डनमधील हा पहिला मोठा पराक्रम. पुढे काही वर्षांतच खांबांपाशी जाळीची उंची साडेतीन फुटांवर आणि मध्यभागी ३ फुटांवर आली, कडेच्या वाटा मोकळ्या झाल्या, आणि जाळीपाशी उभे राहणे हा काही बिनधोक मामला उरला नाही. मला या हकिकतीचे महत्त्व वाटते ते एवढ्यासाठी की गोरची मसलत व हॅडोची प्रतिमसलत या दोन्ही जाळीच्या उंचीतून व जमिनीच्या मापांतून निघाल्या होत्या. शौर्याचा वा भीरुतेचा तेथे संबंध नव्हता.

तेव्हा नवशिक्याने प्रथम या मापांचा दप्तरदाखला नीट वाचावा. कोर्टाची लांबी ७८ फूट, एकेरीची रुंदी २७ फूट. एका कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर हिशेबाने साडेब्याऐंशी फूट भरते. म्हणजे तिरका फटका, ज्याला क्रॉसकोर्ट म्हणतात, तो सरळ रेषेलगतच्या फटक्यापेक्षा साडेचार फूट अधिक जागा घेऊन उतरतो. शिवाय तो जाळी ओलांडतो मध्यभागाजवळ, जेथे ती कडेपेक्षा सहा इंचांच्या आसपास खाली असते. वर सहा इंचांची सूट आणि लांबीत साडेचार फुटांची: इतकी सवलत सरकारदरबारीही फुकट मिळत नाही. आणि तरीही नवशिका संधी मिळताच चेंडू रेषेलगत सरळ मारू पाहतो, कारण ती जागा मोकळी दिसते. ती मोकळी का आहे, याचा विचार करण्यास त्या क्षणी सवड नसते.

तिरक्या फटक्याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो पुस्तकांत असूनही सहसा ध्यानात येत नाही. फटका मारून झाल्यावर उभे कोठे राहावे? बहुतेक जण मध्यभागी धावत जातात. वास्तविक प्रतिपक्षी जेथून चेंडू मारणार तेथून त्याला उपलब्ध असलेला सर्वांत डावा व सर्वांत उजवा मार्ग मनाशी कल्पून, त्या दोहोंमधील कोन जेथे दुभागतो तेथे उभे राहावयाचे असते. मी उजव्या कोपऱ्यातून तिरका फटका मारला तर ही जागा मध्यखुणेच्या उजवीकडेच पडते. म्हणजे मला दोन-चार पावलेच सरकावे लागते. तोच चेंडू मी सरळ मारला तर ती जागा मध्यखुणेच्या डावीकडे जाते आणि अर्धे कोर्ट तुडवून मला तेथे पोहोचावे लागते. सरळ फटका मारणारा चेंडूबरोबर स्वतःचीही धावपळ धाडतो.

दिशा बदलण्यासंबंधी पॉल वॉर्डलॉ या अमेरिकन प्रशिक्षकाने एक नियम घालून दिला आहे, आणि या विषयावर मी जे जे वाचले त्यांत व्यवहारात इतका उपयोगी पडणारा दुसरा नियम मला आढळला नाही. जो चेंडू आपल्या शरीरासमोरून आडवा जाऊन पलीकडच्या बाजूस येतो, तो ज्या दिशेने आला त्याच दिशेने तिरका परत करावा. जो शरीरासमोरून आडवा न जाता अलीकडेच राहतो, त्याची दिशा बदलण्यास हरकत नाही. कारण उघड आहे. तिरपा आलेला चेंडू रॅकेटवरून निसटतानाही त्याच अंगाने बाहेर सरकू पाहतो. त्याला बळेच सरळ वळविले तर तो रेषेच्या चार बोटे बाहेर पडतो आणि मारणारा रॅकेटच्या तारांकडे संशयाने पाहू लागतो. मी अशा वेळी तारांकडे पुष्कळदा पाहिले आहे.

उंचीचे प्रकरण मला त्या क्लबातील मार्करने शिकविले. माझे चेंडू एकसारखे जाळीत जात, कारण जाळीला घासून जाणारा वेगवान फटका म्हणजेच चांगला फटका अशी माझी समजूत होती. एके दिवशी सकाळी त्याने खांबांना दोन वेळू बांधले, जाळीच्या वर दीड-दोन हातांवर आडवी सुतळी ताणली, आणि चेंडू सुतळीच्या वरून जाईल तरच तो परतवीन, एरवी तुम्हीच उचलून आणा, असे मला नम्रपणे सांगितले. पहिल्या दिवशी मी चेंडू उचलण्यातच घामाघूम झालो. चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या ध्यानात आले की सुतळीवरून गेलेला चेंडू आपोआप पलीकडच्या शेवटच्या सहा-आठ फुटांत पडतो, आणि तेथे पडलेल्या चेंडूवर मार्करसारख्या पट्टीच्या खेळाडूलाही मला सतावणारे असे काही करता येत नाही. जाळीला घासून गेलेला माझा अभिमानास्पद चेंडू मात्र सर्व्हिसच्या चौकटीतच पडे व त्याच्या हाती आयताच लागे. सर्व्हिसची रेषा जाळीपासून २१ फुटांवर, बेसलाइन ३९ फुटांवर. या दोहोंमधील १८ फुटांचा पट्टा म्हणजे नवशिक्याचे सगळे वतन. तेथे चेंडू उंचावरून टाकण्यास फार जोर लागत नाही, आणि टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला वरून पुढे दिलेली फिरकी, साधली तर तो वर जाऊनही वेळेवर खाली येतो. आजचे व्यवसायी खेळाडू एवढ्या जोराने मारूनही आत राहतात यामागे हीच फिरकी आहे. १९९७ साली गुस्ताव्हो कुएर्तेनने पॉलिएस्टरच्या तारा लावून पॅरिसची स्पर्धा जिंकली, आणि त्यानंतर त्या तारांचा असा प्रसार झाला की फिरकी देणे पूर्वीच्या मानाने फार सोपे झाले व जाळीकडे धावत जाणाऱ्यांचे दिवस फिरले.

सर्व्हिसविषयी थोडा अंकगणिताचा आधार घेतो. बेसलाइनपासून जाळी ३९ फूट, सर्व्हिसची चौकट संपते ती रेषा ६० फूट. जाळीच्या मधल्या तीन फुटांना जेमतेम स्पर्शून त्या रेषेवर उतरणारी सरळ ओळ काढली आणि ती मागे बेसलाइनपर्यंत नेली, तर तेथे तिची उंची साडेआठ फुटांहून थोडी अधिक भरते. मध्यम उंचीच्या माणसाचा हात, रॅकेट आणि टाचा उचललेले पाय मिळून एवढीच मजल गाठतात. म्हणजे चेंडूवर सरळ व जबर प्रहार करणाऱ्या सामान्य माणसाला खिडकी म्हणून उरते ती फटीएवढी. तरीही रूढी अशी की पहिली सर्व्हिस तोफेसारखी आणि ती बाहेर गेली की दुसरी खैरातीसारखी. दोन्ही मध्यम जोराच्या, थोडी फिरकी दिलेल्या व प्रतिपक्ष्याच्या बॅकहँडकडे किंवा थेट अंगावर टाकलेल्या असाव्यात, हा जुना सल्ला मला अजूनही सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

येथे एका नव्या मताची नोंद घेणे अवश्य आहे. क्रेग ओशॅनेसी या विश्लेषकाने मोठ्या स्पर्धांतील आकडे तपासून दाखवून दिले आहे की सुमारे ७० टक्के गुण चार फटक्यांच्या आतच संपतात. यावरून कित्येकांनी असा निष्कर्ष काढला की चेंडू दीर्घकाळ खेळता ठेवण्याचा जुना उपदेश आता मोडीत काढावा. मला हा विरोध दिखाऊ वाटतो. चार फटक्यांत संपणारे बरेचसे गुण सर्व्हिस वा तिचा परतावा चुकल्यामुळेच संपत असतील, तर नवशिक्याने या दोन फटक्यांवर सर्वांत जास्त वेळ घालवावा असा त्याचा अर्थ होतो. आणि प्रत्यक्षात क्लबांतून सर्व्हिसच्या परताव्याचा सराव करताना मी कोणाला पाहिलेले नाही. परतावा उंच व खोल, शक्यतो मध्यभागी द्यावा, एवढे जरी कोणी महिनाभर पाळले तरी त्याच्या खेळात फरक पडेल.

मग सरळ फटक्याला काहीच स्थान नाही काय? आहे, आणि ते जाळीकडे जाताना. जॅक क्रेमर, ज्याने १९४७ साली विम्बल्डन जिंकले, त्याला क्लिफ रोश नावाच्या एका अभियंत्याने हिशेबी टेनिसचे धडे दिले होते. त्यांतील एक असा की आखूड पडलेला चेंडू पुढे येऊन फोरहँडने मारावयाचा तर तो रेषेलगत सरळच मारावा. तसे केले म्हणजे आपण जेथून मारतो तेथून नाकासमोर चालत गेलो तरी जाळीपाशी योग्य ठिकाणी पोहोचतो. तिरका मारला तर आडवे धावावे लागते, आणि तेवढ्यात चेंडू आपल्या पाठीमागून निघून जातो. टेनिसमध्ये अभियंत्यांचा हा भरणा मला मौजेचा वाटतो. मापे व कोन दिसले की त्यांना राहवत नसावे. पुढे जावयाचे तर पुरते जावे. सर्व्हिसची रेषा व बेसलाइन यांच्या दरम्यान रेंगाळणारा खेळाडू कोणाचाच अंमल नसलेल्या मुलखात सापडतो व चेंडू त्याच्या पायांशी पडू लागतात.

संकटात सापडल्यावर काय करावे याचे उत्तर हॅडोने देऊन ठेवले आहे. कोर्टाच्या बाहेर फेकले गेलो असता धाडसी फटका मारणे म्हणजे दिवाळे निघत असता नवी पेढी उघडणे. तेथून लॉब उंच टाकावा व खोल टाकावा. तो एक प्रकारे मुदतवाढीचा अर्ज असतो आणि बऱ्याचदा मंजूर होतो. उलट ड्रॉप शॉट, म्हणजे जाळीलगत अलगद टाकलेला चेंडू, याचे नवशिक्याला विलक्षण आकर्षण असते, आणि तो फटका बेसलाइनवरून मारू नये इतके सांगून मी थांबतो, कारण एवढे अंतर कापून चेंडू पोहोचेपर्यंत प्रतिपक्षी चालत येऊनही त्याला गाठू शकतो.

येथवरचा विचार जमिनीचा झाला. समोरच्या माणसाचा अद्याप केला नाही. फ्रान्सचा रने लाकोस्त प्रतिपक्ष्यांच्या खेळाची टिपणे वहीत ठेवीत असे. आपणास वहीची गरज नाही. खेळापूर्वीच्या पाच मिनिटांत समोरचा बॅकहँडची बाजू टाळून फोरहँडकडे सरकतो काय, जाळीपाशी बोलावल्यावर नाराज दिसतो काय, एवढे पाहिले तरी पुरे. परंतु समोरच्या माणसाप्रमाणे फटका निवडणे याचा परिपूर्ण नमुना म्हणून १९७५ सालच्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्याकडेच बोट दाखवावे लागते. जिमी कॉनर्स हा त्या वेळचा सर्वांत दुर्धर खेळाडू. येणाऱ्या चेंडूचा वेग वापरून तो दुप्पट वेगाने परत करीत असे. आर्थर अ‍ॅश त्याच्याशी पूर्वी खेळलेले सर्व सामने हरला होता, आणि स्वतः जोरकस मारणारा म्हणून प्रसिद्ध होता. त्या दिवशी त्याने जोर आपल्या पेटीत कुलूपबंद करून ठेवला. कॉनर्सच्या दोन्ही हातांच्या बॅकहँडपासून दूर पळणारी सर्व्हिस, फोरहँडकडे मंद, खाली राहणारे, कापलेले चेंडू, तो पुढे आला की डोक्यावरून लॉब. कॉनर्सला वेग हवा होता आणि अ‍ॅशने तो पुरविला नाही. ६–१, ६–१, ५–७, ६–४. तिसऱ्या सेटात कॉनर्स उसळला तेव्हाही अ‍ॅश जुन्या जोरकस खेळाकडे वळला नाही, ही गोष्ट मला निकालापेक्षा मोठी वाटते.

आपल्याकडील रामनाथन कृष्णन यांचे नाव येथे आठवल्यावाचून राहत नाही. सर्व्हिस सौम्य, फटक्यांत दणका नाही, आणि तरी १९६० व १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे ते विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचले. १९६१ साली तर रॉय इमर्सनसारख्या खंद्या खेळाडूला त्यांनी तीन सरळ सेटांत हरविले. स्पर्श आणि जागेची जाण एवढ्या भांडवलावर कोठवर जाता येते याचा तो दाखला आहे. मराठी माणसांना ठाऊक असावी अशी आणखी एक गोष्ट म्हणजे १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री लीला राव ही पुण्यात जन्मलेल्या संस्कृत कवयित्री पंडिता क्षमाबाई राव यांची कन्या होती, आणि क्षमाबाई स्वतःही टेनिस खेळत. काव्य व कोर्ट यांचा हा संसार एका घरात कसा नांदला असेल याचे मला कुतूहल आहे.

गुणसंख्येप्रमाणे धाडस कमीजास्त करावे, ४०–० असता मोकळे मारावे व ३०–४० असता हात आखडावा, असे पुष्कळ लेखक सांगतात. निष्णातांना ते लागू असेलही. नवशिक्याने मात्र दोन्ही वेळा तोच तिरका, उंच, खोल चेंडू मारावा असे माझे मत आहे, कारण मोकळे मारण्याची परवानगी एकदा दिली की ती परत घेणे कठीण जाते.

दुहेरीबद्दल थोडक्यात. कोर्ट ३६ फूट रुंद होते पण ते राखणारे दोघे असतात, म्हणून तिरका फटका जाळीवरच्या माणसापासून दूर ठेवावा, आणि दोघे जाळीपाशी आले म्हणजे चेंडू त्यांच्या मधून काढावा. जाळी तेथे सर्वांत खाली असते, कोन कोणालाच मिळत नाही, आणि घ्यावयाचा कोणी याचा तह सामन्यापूर्वी क्वचितच झालेला असतो. त्या क्लबात संध्याकाळी उजेड कमी होत असता दोन वकिलांच्या मधून मामलेदारांचा तो सावकाश कापलेला चेंडू निघून जाई. दोघेही रॅकेट अर्धवट उचलून एकमेकांकडे पाहत, मार्कर गुण सांगे, आणि सर्व्हिस करणारा दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राही.